वाचकांचे प्रश्न : यवनांचा देव पंचगंगेच्या काठी

मागील अंकात या सदरातून ओडिसियसच्या परतीच्या प्रवासाची ग्रीक कथा थोडक्यात सांगितली होती. ट्रॉयचे युद्ध संपल्यावर घरी निघालेल्या या राजाने वाटेत पॉलिफेमस या एकाक्ष राक्षसाचा डोळा फोडला. तो राक्षस समुद्रदेव पोसायडनचा मुलगा असल्याने देवाचा रोष ओढवला आणि घरी पोहोचायला राजाला दहा वर्षे लागली. त्यावर आलेल्या पत्रांपैकी कोल्हापूरच्या वाचकांचे चार प्रश्न या वेळी घेतले आहेत. ग्रीकांचे आणि आपले नाते किती, आणि ते कुठवर ताणावे, हे कुतूहल चौघांच्याही मनात आहे.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकते. आपला लेख वाचल्यावर टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात गेले, तेथे पोसायडनची छोटी मूर्ती आहे. कोल्हापूरला समुद्र नाही, मग समुद्राचा देव येथे कसा आला? येथे त्याची पूजा होत होती का? (राजारामपुरी)

उत्तर : आपण लेख वाचून थेट मूर्तीपाशी गेलात याचा मला मनापासून आनंद झाला. ती मूर्ती पाहण्यासाठी मी अनेकदा टाउन हॉलच्या पायऱ्या चढलो आहे, आणि प्रत्येक वेळी तिचा लहानपणाच आधी जाणवतो. वीतभरापेक्षाही लहान, ब्राँझची, दाढी असलेला विवस्त्र पुरुषदेह. उंचावलेल्या हातात असायला हवा तो त्रिशूळ आज नाही. त्रिशूळ म्हटले की आपल्याला शंकर आठवतो, परंतु पोसायडनचे हे शस्त्र मुळात भूमध्य समुद्रावरच्या कोळ्यांचे मासे टोचण्याचे हत्यार आहे, त्यामुळे त्यावरून दोन देवांचे नाते जोडता येत नाही.

ही मूर्ती पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर, 1940 च्या दशकाच्या मध्यात झालेल्या खोदकामात, ब्राँझच्या इतर वस्तूंच्या साठ्यात सापडली. पुढे 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी त्या टेकडीचे पद्धतशीर उत्खनन केले, आणि 1946 मध्ये स्थापन झालेल्या आपल्या संग्रहालयाचा पाया याच वस्तूंनी घातला. साठ्यात रोमन बनावटीची भांडी होती, आरसा होता, आणि हत्तीवर बसलेल्या स्वारांची एक अतिशय देखणी मूर्तीही होती. म्हणजे आपण पाहिलेला देव ग्रीकांचा असला, तरी ती मूर्ती रोमन साम्राज्याच्या काळातली आहे. रोमनांनी ग्रीक देवांना आपली नावे दिली, पोसायडनला ते नेपच्यून म्हणत. रूप मात्र त्यांनी ग्रीक मूर्तिकारांकडूनच घेतले.

येण्याची वाट व्यापाराची आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बंदरांतून जहाजे निघत आणि नैर्ऋत्येच्या मोसमी वाऱ्यावर थेट आपल्या किनाऱ्याला लागत. त्याच शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या, ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रवासवृत्तात भडोच, सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरे येतात. पैठण भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेर त्याच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे त्यात सांगितले आहे. येथून मिरी, सुती कापड, रत्ने जात. तिकडून सोन्याचांदीची नाणी, मद्य, काचसामान आणि ब्राँझच्या वस्तू येत. भारताशी होणाऱ्या व्यापारात साम्राज्याचे दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) खर्च होतात, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनीने केली आहे. कोकणात उतरलेला माल घाट चढून वर येई. आज आंबा घाटाने किंवा फोंडा घाटाने मासळीची गाडी ज्या वेळात कोल्हापुरात पोहोचते, त्याच्या कितीतरी पट वेळ बैलांच्या तांड्यांना लागत असेल, परंतु सातवाहनकाळात करवीर परिसर या वाहतुकीच्या बाहेर नव्हता, हे ब्रह्मपुरीच्या साठ्यावरून स्पष्ट होते.

दुसऱ्या शतकातील टॉलेमी या ग्रीक भूगोलकाराने ‘बलेओकुरोस’ या राजाच्या राजधानीचे नाव ‘हिप्पोकुरा’ असे नोंदवले आहे. कोल्हापुरात वासिष्ठीपुत्र विळिवायकुर या राजाची नाणी सापडली आहेत. दोन्ही नावांतील साम्य पाहून अनेक अभ्यासकांनी हे राजे एकच मानले आणि काहींनी हिप्पोकुरा म्हणजे कोल्हापूर असेही सुचवले. ग्रीक भाषेत ‘हिप्पोस’ म्हणजे घोडा, आणि घोडा हा पोसायडनचा प्राणी. येथे कथा रचण्याचा मोह फार होतो. परंतु परक्या देशाचे नाव ग्रीक कानाने आपल्या ओळखीच्या शब्दासारखे ऐकले, यापलीकडे त्यात काही पाहू नये.

आता पूजेविषयी. मूर्ती गाभाऱ्यात सापडली नाही, भांड्यांसोबत सापडली. तिच्याजवळ वेदी नाही की ग्रीक लेख नाही. अशा लहान मूर्ती रोमन घरांत देवघरात ठेवत आणि शोभेसाठीही ठेवत. दूरच्या देशातून आलेली, कारागिरीने सुंदर, धातूमुळे मौल्यवान अशी वस्तू म्हणून ती कोणी श्रीमंत कोल्हापूरकराने जपली असावी, असे मला वाटते. यवनांचे, म्हणजे ग्रीकांचे, येथे मंदिर होते असे विधान या एका मूर्तीवरून करणे योग्य होणार नाही.

तरीही ‘समुद्र नाही तेथे समुद्रदेव’ हा आपला प्रश्न स्वतः ग्रीकांनाही पडला होता, आणि त्याचे उत्तर होमर या ग्रीक कवीच्या त्याच ओडिसियसच्या कथेत आहे. पाताळात भेटलेला द्रष्टा टायरेसियस त्याला सांगतो की, घरी पोहोचल्यावरही पोसायडनचा रोष आपोआप शमणार नाही. खांद्यावर वल्हे घेऊन जमिनीच्या आत चालत राहा. ज्यांनी समुद्र पाहिला नाही, जे अन्नात मीठ घालत नाहीत, अशा लोकांच्या मुलखात जा. आणि वाटेत भेटलेला कोणी ‘हे खांद्यावर उफणणीचे फावडे कसले?’ असे विचारील, तेव्हा तेथेच ते वल्हे जमिनीत रोवून पोसायडनला बळी अर्पण कर. समुद्राच्या देवाचे नाव, समुद्र ठाऊक नसलेल्या शेतकऱ्यांपर्यंत नेणे हेच त्याचे प्रायश्चित्त होते. होमरच्या मनात कोल्हापूर असण्याचा प्रश्नच नाही. परंतु पुढच्या वेळी त्या काचेच्या कपाटापुढे उभ्या राहाल तेव्हा ही कथा अवश्य आठवा. त्रिशूळ हरवलेला तो छोटा देव खरोखरच वल्ह्याला फावडे म्हणणाऱ्यांच्या मुलखात येऊन पोहोचला आहे.

प्रश्न : पत्रिका पाहणारे आमचे गुरुजी ‘यवनाचार्य’ हे नाव आदराने घेतात. हे यवन म्हणजे ग्रीकच का? मराठीत ग्रीक शब्द आहेत का? (मंगळवार पेठ)

उत्तर : होय, मूळ अर्थाने ग्रीकच. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरील आयोनिया या ग्रीक प्रदेशावरून इराणी लोक सर्व ग्रीकांना ‘यौन’ म्हणत, त्यावरून संस्कृतात ‘यवन’ आणि प्राकृतात ‘योन’ आले. मध्ययुगात हा शब्द मुसलमानांसाठी वापरला जाऊ लागल्याने जुने लेख वाचताना घोटाळा होतो. कार्ल्याच्या लेण्यांत धेनुकाकट या गावच्या यवनांनी खांबांसाठी दान दिल्याचे लेख आहेत, आणि त्यांतील ‘सिहधय’, ‘धम्म’ ही नावे पूर्णपणे येथल्या मातीतली आहेत. त्याच शब्दाचा दुसरा उपयोग नाशिकच्या लेण्यात दिसतो. तेथे गौतमी बलश्री ही राजमाता आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, शक, यवन आणि पह्लव यांचा संहार करणारा म्हणून गौरव करते. दाता यवन आणि शत्रू यवन एकाच सह्याद्रीच्या दगडावर कोरलेले आहेत.

ज्योतिषाच्या बाबतीत ऋण स्पष्ट आहे, आणि आपल्या पूर्वजांनी ते लपवले नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त म्हटले आहे की यवन हे म्लेच्छ, तरी हे शास्त्र त्यांच्यात उत्तम प्रतिष्ठित असल्याने तेही ऋषींप्रमाणे पूजिले जातात. ज्ञान कोणाकडून आले हे उघडपणे सांगण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते. ‘केंद्र’ हा शब्द ग्रीक ‘केंट्रॉन’वरून आला, पत्रिकेतील सातव्या स्थानाचे ‘जामित्र’ हे नाव ‘डायामेट्रॉन’वरून, आणि ‘होरा’ तर जसाच्या तसा. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ तास.

वारांचा क्रमही या होऱ्यातूनच निघतो. पृथ्वीपासूनच्या मानलेल्या अंतरानुसार ग्रहांचा क्रम शनी, गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध, चंद्र असा धरत आणि दिवसाचा एकेक तास क्रमाने एकेका ग्रहाला देत. शनिवारचा पहिला तास शनीचा धरला तर चोवीस तास संपून पंचविसावा, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला तास, सूर्याकडे येतो, म्हणून शनिवारनंतर रविवार. त्याच हिशेबाने पुढे चंद्र, मग मंगळ. आपण बोटांवर मोजून पाहा, सातही वार बरोबर येतात.

पत्रिकेबाहेरही हे शब्द आहेत. ‘दाम’ हा ‘द्रम्म’मधून आणि तो ‘ड्रॅक्मा’ या ग्रीक नाण्यावरून आला. खाणीतला ‘सुरुंग’ बासरीला आणि नळीला ग्रीक भाषेत असलेल्या ‘सिरिंक्स’ या शब्दाचा वंशज मानला जातो. माझा सर्वांत आवडता शब्द ‘अफलातून’. तत्त्वज्ञ प्लेटोचे ग्रीक नाव ‘प्लातोन’. अरबांनी त्याचे ‘अफलातून’ केले, फारशीतून ते आपल्याकडे आले आणि मराठीत ते विलक्षण गोष्टीचे विशेषण झाले. अथेन्सच्या तत्त्वज्ञाचे नाव आज मिसळीच्या कटाचे कौतुक करतानाही ओठांवर येते.

प्रश्न : ग्रीकांचा झ्यूस म्हणजे आपला इंद्र, असे एका व्याख्यानात ऐकले. हे बरोबर आहे का? (कागल)

उत्तर : अर्धेच बरोबर आहे. वज्र, मेघगर्जना, देवांचे राजेपद आणि परस्त्रियांविषयीचा मोह या बाबतीत झ्यूस इंद्रासारखा आहे. झ्यूस टायफॉन या अक्राळविक्राळ सर्परूपी राक्षसाला विजेने जाळतो आणि इंद्र वज्राने वृत्राला मारतो, हेही साम्य खरे आहे. परंतु नाव विचाराल तर झ्यूसचा सख्खा भाऊ ऋग्वेदातील ‘द्यौस्’ आहे. ग्रीक ‘झ्यूस पातेर’, लॅटिन ‘जुपिटर’ आणि वैदिक ‘द्यौष्पितर्’ हे तिन्ही शब्द ‘प्रकाशणे’ या अर्थाच्या एकाच धातूतून, एकाच पूर्वभाषेतून निघाले. आपल्याकडे आकाशपिता मागे पडून राज्य इंद्राकडे गेले, ग्रीकांकडे ते आकाशपित्याकडेच राहिले. पहाटेची देवी ‘उषस्’ आणि ग्रीक ‘इओस’ याही अशाच एका घरच्या.

येथे मागील प्रश्नाहून वेगळी गोष्ट घडली आहे, हे कृपया ध्यानात घ्यावे. ‘केंद्र’ हा शब्द ग्रीकांकडून घेतलेला आहे. ‘द्यौस्’ कोणी कोणाकडून घेतलेला नाही, तो दोघांना वारशात मिळालेला आहे. आणि तिसरा प्रकार नुसत्या योगायोगाचा. वरुण आणि ग्रीक आकाशदेव ‘युरेनस’ यांची नावे एकच, असे एकोणिसाव्या शतकात मोठ्या उत्साहाने मांडले गेले, परंतु ध्वनिबदलाचे नियम काटेकोरपणे लावल्यावर ते टिकले नाही. व्याख्यानांतून हे तिन्ही प्रकार सरसकट एकत्र केले जातात, याचे मला दुःख होते, कारण त्यामुळे खऱ्या नात्याचेही मोल उरत नाही.

प्रश्न : तरुणपणी मी गंगावेशीत तालमीत मेहनत केली. नातवाच्या पुस्तकात ग्रीक पैलवानाच्या पुतळ्याचे चित्र पाहिले, त्याचे कान आमच्यासारखेच मोडलेले! कुस्ती ग्रीकांकडून आपल्याकडे आली काय? खासबाग मैदान त्यांच्याच मैदानावरून बांधले असे म्हणतात. मिलो नावाच्या त्यांच्या मोठ्या पैलवानाविषयीही सांगावे. (शुक्रवार पेठ)

उत्तर : आपल्या पत्राने मला सर्वांत जास्त वाचायला लावले, त्याबद्दल आपले आभार मानतो. कानांचे आपले निरीक्षण अचूक आहे. मोडके कान ही ग्रीकांतही मल्लाची खूण होती. प्लेटोच्या एका संवादात स्पार्टाची नक्कल करणाऱ्या लोकांचा उल्लेख ‘मोडक्या कानांचे लोक’ असा येतो. प्लेटो स्वतः तरुणपणी कुस्ती खेळे, अशी परंपरा आहे.

परंतु कुस्ती त्यांच्याकडून आली, असे म्हणता येणार नाही. ‘कुस्ती’ हा शब्द फारशीतून आला, तर मल्लविद्या आपल्याकडे जुनीच आहे; सभापर्वातील भीम आणि जरासंध यांचे युद्ध आपणास पाठ असेल, आणि बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांच्या वर्गवारीचे, आहाराचे आणि डावांचे वर्णन केले आहे. माणसाला दोन हात आणि दोन पाय असल्यावर पकड, धोबीपछाड आणि टांग हे वेगवेगळ्या देशांत स्वतंत्रपणे सुचतात.

खासबागेविषयी सांगायचे तर राजर्षी शाहू महाराजांनी 1902 च्या युरोप प्रवासात रोममधील कलोसियम पाहिले आणि त्यावरून त्यांना हे मैदान सुचले, असे कोल्हापुरात सांगितले जाते. ते मैदान रोमनांचे, इसवी सन 80 मध्ये खुले झालेले आणि तलवारबाजांच्या झुंजींसाठी बांधलेले. ग्रीकांच्या ऑलिंपियाचे मैदान मुळीच गोल नव्हते. सुमारे 192 मीटर धावण्याची ती लांबट पट्टी होती आणि प्रेक्षक दोन्ही बाजूंच्या मातीच्या उतारांवर बसत.

ऑलिंपियाचे खेळ परंपरेनुसार इसवी सनपूर्व 776 मध्ये सुरू झाले आणि 708 पासून त्यांत कुस्ती आली. वजनगट नव्हते, वेळेचे बंधन नव्हते. प्रतिस्पर्ध्याला तीनदा पाडणारा जिंके. म्हणजे एकदा चितपट केले की निकाल, ही आपली रीत तेथे नव्हती. जोड्या लावण्यासाठी चांदीच्या भांड्यात अक्षरे कोरलेल्या चिठ्ठ्या टाकत, सारखे अक्षर निघालेले दोघे एकमेकांशी लढत. मल्ल अंगाला ऑलिव्हचे तेल चोळून वर बारीक माती टाकत आणि कुस्तीनंतर धातूच्या वाकड्या पट्टीने ती खरवडून काढत. आपण हौद्यात तेल, ताक, हळद आणि लिंबू घालून लाल माती मुरवतो. त्यांनी जमीन खणून मऊ केलेल्या जागेला वेगळे नाव ठेवले होते, पण मातीला औषध पाजण्याची आपली कला त्यांच्याकडे नव्हती. मातीचे महत्त्व मात्र त्यांनी एका शब्दात पकडले आहे. समोर कोणी उभाच राहिला नाही आणि न लढता विजय मिळाला, तर तो ‘अकोनिती’, म्हणजे ‘धुळीवाचून’ मिळाला असे म्हणत.

माती हीच मल्लाची आई, ही तालमीतली भावना त्यांच्या एका पुराणकथेत जशीच्या तशी आहे. लिबियाचा राक्षस अँटियस हा पोसायडन आणि पृथ्वी यांचा मुलगा. येणाऱ्याजाणाऱ्याला तो कुस्तीला बोलावी, कारण जमिनीला अंग लागले की आईकडून त्याला पुन्हा बळ मिळे, आणि पाडणारा स्वतःच थके. ग्रीक वीर हेराक्लीसने हे ओळखून त्याला कवेत घेऊन जमिनीवरून उचलून धरले आणि अधांतरीच चिरडले. जरासंधाप्रमाणेच येथेही केवळ ताकद पुरत नाही, प्रतिस्पर्ध्याच्या बळाचे गुपित ओळखावे लागते.

मिलो हा दक्षिण इटलीतील क्रोटोन या ग्रीक वसाहतीचा. इसवी सनपूर्व 540 मध्ये त्याने ऑलिंपियात मुलांच्या गटात कुस्ती जिंकली आणि नंतर 532 ते 516 या काळात मोठ्यांच्या गटात सलग पाच वेळा. बक्षीस म्हणून ऑलिव्हच्या फांद्यांची माळ मिळे. सायबरिस या शेजारच्या नगराविरुद्ध 510 च्या युद्धात क्रोटोनच्या सैन्याचे नेतृत्व त्याने केले. रोज वासरू खांद्यावर घेता घेता ते बैल झाले तरी तो उचलत राहिला, ही गोष्ट आपण ऐकली असेल. त्याच्या खुराकाचे आकडे प्राचीन लेखकांनी दिले आहेत : दिवसाला सुमारे साडेआठ किलो मांस, तेवढीच भाकरी आणि त्यावर दहा लिटरच्या आसपास मद्य. यात अतिशयोक्ती उघड आहे. त्याच्या आधीचे ग्रीक मल्ल सुके अंजीर, ताजे चीज आणि गहू यांवर मेहनत करत, आणि तो आहार आपल्या दूध, तूप, बदाम यांच्या खुराकाला अधिक जवळचा वाटतो.

त्याच्या मृत्यूची कथा करुण आहे. रानात त्याला पाचर ठोकून अर्धवट फोडलेला ओंडका दिसला, हातांनी तो पुरता फाडावा म्हणून त्याने बोटे फटीत घातली, पाचर निसटली, हात अडकले आणि रात्री लांडग्यांनी त्याला खाल्ले. मला मात्र आखाड्यातील त्याचा शेवट अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो एका जाणत्या मल्लालाच नीट कळेल. सातव्या माळेसाठी मिलो पुन्हा ऑलिंपियात उतरला, तेव्हा समोर त्याच्याच गावचा टिमासिथेओस हा तरुण होता. वय झालेल्या मिलोची पकड एकदा बसली तर सुटका नाही, हे त्या पोराला ठाऊक होते. तो अंगाशी आलाच नाही, हातभर अंतर राखून खेळत राहिला, आणि मिलोला ती कुस्ती जिंकता आली नाही.